आधी निदानाची खात्री, मग शस्त्रक्रियेचा निर्णय

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतचे रिपोर्ट मी नीट वाचले. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून पत्राचा गोषवारा आधी देतो. आपल्या आईंचे वय ५४ आहे. गेल्या काही महिन्यांत त्यांचे पोट हळूहळू फुगत गेले, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटू लागले, वजन मात्र उतरत राहिले. सुरुवातीला अपचनाची औषधे झाली. पुढे पोटात पाणी झाल्याचे दिसल्यावर यकृताचा आजार, मग क्षयरोग आणि रक्तातले सीए-१२५ हे प्रथिन वाढलेले आढळल्यावर अंडाशयाचा कर्करोग, अशा शंका एकामागून एक घेतल्या गेल्या. पोटातले पाणी दोनदा काढून तपासले, दोन्ही वेळा कर्करोगाच्या पेशी नाहीत असे उत्तर आले. शेवटी दुर्बिणीतून बायॉप्सी झाली आणि ‘उदरावरणाचा मेसोथेलिओमा, एपिथेलिऑइड प्रकार’, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याचा एक दुर्मीळ कर्करोग, असे निदान हाती आले. आता एक सर्जन पुढच्याच आठवड्यात पोट उघडून ‘निघेल तेवढे’ काढू म्हणतात, कर्करोगतज्ज्ञ केमोथेरपी लगेच सुरू करा म्हणतात आणि आपल्या मामांचे म्हणणे असे की या आजारात कशाचाच उपयोग नसतो, उगाच हाल करू नका. हा आजार ज्याच्याशी जोडला जातो त्या ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाशी आईंचा कधी संबंध आलेला नसताना हा रिपोर्ट बरोबर कसा, आजार आनुवंशिक आहे का आणि आईंना किती सांगावे, हे आपले प्रश्न आहेत.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. पुढच्या आठवड्याची शस्त्रक्रिया तूर्त थांबवावी. बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) हा आजार वारंवार पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्यावेत, आणि उदरावरणाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया जिथे नियमित होतात अशा केंद्रातील सर्जनना सगळे कागद दाखवल्याशिवाय पोट उघडण्यास संमती देऊ नये. यात दोन-तीन आठवडे जातील. आतड्याला अडथळा, तीव्र संसर्ग किंवा रक्तस्राव अशी तातडी असती तर गोष्ट वेगळी होती. आपल्या पत्रावरून आणि रिपोर्टवरून तशी तातडी दिसत नाही. घाईने झालेल्या अर्धवट शस्त्रक्रियेमुळे मात्र पुढचा चांगला मार्ग अवघड होऊन बसतो, आणि तो कसा हे मी पुढे सांगणार आहे.

उदरावरण हा पोटाच्या पोकळीला आतून लागून असलेला आणि जठर, आतडी, यकृत, प्लीहा यांच्यावरूनही पसरलेला अतिशय पातळ पडदा असतो. त्याचे एकूण क्षेत्रफळ जवळजवळ अंगावरच्या त्वचेइतके भरते. त्यावर मेसोथेलियल पेशींचा एकच थर असतो आणि त्या पेशींच्या ओलाव्यामुळे पोटातले अवयव एकमेकांवरून सहज सरकतात. याच पेशींपासून उद्भवणारा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. तो बहुतेक वेळा फुप्फुसाच्या आवरणात होतो. पोटात होण्याचे प्रमाण त्यामानाने बरेच कमी आहे आणि म्हणूनच अनेक डॉक्टरांना संपूर्ण कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण भेटतो.

ॲस्बेस्टॉसबद्दलची आपली शंका रास्त आहे. १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ॲस्बेस्टॉस खाणींच्या परिसरातील ३३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे दोन शब्द जोडीनेच उच्चारले जातात. परंतु ते रुग्ण फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमाचे होते. पोटातल्या आजारात ॲस्बेस्टॉसचा संबंध तेवढा घट्ट नाही आणि स्त्रियांमध्ये तर तो आणखी सैल आहे. कित्येक स्त्री रुग्णांत असा कोणताही पूर्वसंपर्क सापडत नाही. शिवाय संपर्क आणि आजार यांत साधारण २० ते ४० वर्षांचे अंतर असते, त्यामुळे लहानपणी घरातल्या कोणाच्या कामाच्या कपड्यांतून आलेली धूळ कोणाला आठवतही नाही. पूर्वी पोटावर घेतलेले किरणोपचार हेही एक ज्ञात कारण आहे. थोडक्यात, ॲस्बेस्टॉसचा इतिहास नाही एवढ्यावरून निदान चुकीचे ठरत नाही, आणि तो असता तरी तेवढ्यावरून ते बरोबरही ठरले नसते. निदान ठरते ते बायॉप्सीच्या तुकड्यावर.

निदानाला इतके महिने लागले याचा राग आपल्या पत्रातून जाणवतो आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही निदानाची वाट कुठे चुकते हे कळले तर पुढचा मार्ग अधिक डोळसपणे चालता येईल. पोटात पाणी होण्याची कारणे अनेक आहेत. रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा फरक काढतात. तो डेसिलिटरमागे १.१ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर यकृताच्या बाजूने विचार होतो, कमी असेल तर क्षयरोग किंवा कर्करोग यांची शक्यता वाढते. पाण्यात पेशी सापडल्या नाहीत याचा अर्थ कर्करोग नाही असा होत नाही, कारण मेसोथेलिओमाच्या पेशी पाण्यात कमी सुटतात आणि सुटल्या तरी सूज आलेल्या निरोगी मेसोथेलियल पेशींसारख्याच दिसतात. सीए-१२५ चेही तसेच आहे. हे प्रथिन मेसोथेलियल पेशी स्वतःच तयार करतात, त्यामुळे उदरावरणाला कशानेही त्रास झाला, मग तो क्षयरोग असो, यकृताच्या आजारातले पाणी असो की अंडाशयाचा कर्करोग, आकडा वर जातो. सीटी स्कॅनमध्ये पडदा जाड झालेला, पोटापुढची चरबीची झालर घट्ट झालेली आणि पाणी साठलेले दिसते, पण मूळ गाठ अशी एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. इतकी सारी चिन्हे इतर आजारांशी मिळतीजुळती असताना दुर्बिणीतून पडद्याचा पुरेसा मोठा तुकडा घेणे हाच खरा उपाय होता, आणि तो झाला आहे.

आता त्या तुकड्याच्या अहवालाकडे येतो, कारण सध्या सर्वांत जास्त लक्ष तिथे द्यायला हवे. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात स्लाइड पाहून अंडाशयाचा सिरस कर्करोग (तिथला नेहमीचा प्रकार) आणि एपिथेलिऑइड मेसोथेलिओमा यांत फरक करणे अनुभवी डोळ्यांनाही अवघड जाते. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. तिच्यात पेशींवरची विशिष्ट प्रथिने शोधणारी द्रव्ये तुकड्यावर टाकतात आणि ज्या पेशींत ते प्रथिन असेल त्या तपकिरी होतात. मेसोथेलिओमात कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, सायटोकेराटिन ५/६ आणि डी२-४० ही बहुधा सकारात्मक येतात. ग्रंथींपासून होणाऱ्या कर्करोगांची द्रव्ये, म्हणजे क्लॉडिन-४, बेर-ईपी४, एमओसी-३१, ही बहुधा नकारात्मक येतात. दोन्ही गटांतील किमान दोन-दोन चाचण्या जुळल्या पाहिजेत असा दंडक आहे. आईंच्या अहवालात कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ सकारात्मक एवढेच नोंदलेले आहे आणि दुसऱ्या गटातले एकही नाव नाही. माझा आग्रह इथेच आहे. डब्ल्यूटी-१ अंडाशयाच्या सिरस कर्करोगातही सकारात्मक येते, म्हणून स्त्री रुग्णात, तेही सीए-१२५ वाढलेले असताना, केवळ या दोन चाचण्यांवर शिक्कामोर्तब करणे पुरेसे नाही. हा फरक दाखवणाऱ्या क्लॉडिन-४, पॅक्स-८ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर या चाचण्या त्याच ब्लॉकवर करता येतात. आईंना पुन्हा सुई किंवा दुर्बीण सोसावी लागत नाही.

दुसऱ्या मतासाठी जाताना केवळ छापील अहवाल नेऊन उपयोग नाही. पॅराफिनचे ब्लॉक प्रयोगशाळेकडे जतन केलेले असतात. लेखी अर्ज करून ते आणि मूळ स्लाइड मागून घ्या, घेतल्याची पोच द्या आणि काम झाल्यावर परत करा. त्याच वेळी बॅप-१ या प्रथिनाची चाचणीही करून घ्यावी. या प्रथिनाचा पेशीकेंद्रातून लोप झालेला दिसला तर पेशी केवळ सुजलेल्या नसून कर्करोगाच्या आहेत याला भक्कम पुष्टी मिळते. ते शाबूत दिसले म्हणून मात्र कर्करोग नाकारता येत नाही. उपप्रकारही पक्का होऊ द्या. एपिथेलिऑइड प्रकार तुलनेने बरा वागतो, सार्कोमॅटॉइड आणि मिश्र प्रकार अधिक आक्रमक असतात. याशिवाय उदरावरणावर काही सौम्य मेसोथेलियल गाठीही होतात, ज्यांना हे मोठे उपचार मुळीच लागत नाहीत. एवढ्या मोठ्या निर्णयाआधी ही शक्यता खोडून काढणे आईंचा हक्क आहे.

निदान कायम राहिले असे धरून पुढे जाऊ. हा आजार बहुतेक काळ पोटाच्या पोकळीतच राहतो, यकृताच्या आत किंवा फुप्फुसात तो उशिरा आणि क्वचित जातो. म्हणूनच पोटापुरता पण संपूर्ण उपचार करण्याची कल्पना पुढे आली. १९९५ मध्ये अमेरिकी सर्जन पॉल शुगरबेकर यांनी आजारी पडदा भागाभागाने सोलून काढण्याच्या पद्धती मांडल्या. आज या शस्त्रक्रियेत दिसणारा सगळा आजार काढण्याचा प्रयत्न होतो. त्यासाठी पडद्याबरोबर चरबीची झालर, प्लीहा, पित्ताशय, गर्भाशय-अंडाशय किंवा आतड्याचा एखादा भागही काढावा लागू शकतो. त्यानंतर भूल उतरण्याआधीच सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सियस तापमानाचे केमोचे द्रावण पोटात साधारण ६० ते ९० मिनिटे फिरवतात, ज्याला हायपेक म्हणतात. बहुधा सिस्प्लॅटिन, कधी त्याच्या जोडीला डॉक्सोरुबिसिन वापरतात. हे औषध ऊतीत जेमतेम काही मिलिमीटरच शिरते. मागे जाड गाठी राहिल्या तर गरम औषध त्यांच्या वरच्या थरालाच पोचते, म्हणून आधीची सफाई किती पूर्ण झाली यावर सगळे अवलंबून असते.

यावरून ‘निघेल तेवढे काढू’ या बोलण्याला माझा विरोध का आहे हे लक्षात येईल. हायपेकची सोय नसलेल्या ठिकाणी पोट उघडून काही गाठी काढल्या, तर मागे राहिलेला आजार जखमेच्या व्रणात आणि नव्या चिकटलेल्या भागांत रुजतो. नैसर्गिक थर एकमेकांत मिसळून जातात. दुसऱ्यांदा पोट उघडणाऱ्या सर्जनना निरोगी आणि रोगट यांमधली सीमा सापडेनाशी होते. पहिली मोठी शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते. ती अनुभवी हातांसाठी राखून ठेवावी.

ही शस्त्रक्रिया आईंना शक्य आहे का, हे ठरवण्याची पद्धतही ठरलेली आहे. पोटाचे आणि लहान आतड्याचे मिळून १३ भाग कल्पून प्रत्येक भागाला गाठींच्या आकारानुसार ० ते ३ गुण देतात. सर्वाधिक बेरीज ३९ होते. बेरीज कमी तितकी पूर्ण सफाईची शक्यता अधिक. तरीही केवळ बेरजेवर भागत नाही. लहान आतडे ज्या पडद्याने लटकलेले असते तो आक्रसून आतड्यांची वेटोळी एकत्र ओढली गेली असतील, तर कमी गुण असूनही शस्त्रक्रिया अशक्य ठरू शकते, कारण माणसाला जगण्यापुरते लहान आतडे मागे ठेवावेच लागते. सीटी स्कॅन बारीक दाण्यांएवढा आजार कमी दाखवते, म्हणून काही वेळा निर्णयाआधी पुन्हा दुर्बीण घालून पाहावे लागते. तसे झाल्यास छिद्रे पोटाच्या मध्यरेषेवर घ्यायला सांगावे. या आजाराच्या पेशी छिद्रांच्या जागी रुजू शकतात आणि मध्यरेषेवरची जागा पुढच्या शस्त्रक्रियेत काढून टाकता येते.

मामांच्या म्हणण्याला आता उत्तर देतो. उपचारांविना या आजारात आयुष्य बहुधा वर्षभराच्या आसपास मोजले जात असे, हे खरे आहे. २००९ मध्ये अनेक केंद्रांतील ४०५ रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. त्यांच्यावर वर सांगितलेली शस्त्रक्रिया झाली होती आणि बहुतेकांना हायपेकही मिळाले होते. त्यांत मध्यम आयुर्मान ५३ महिने निघाले, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले, आणि ४७ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. एपिथेलिऑइड प्रकार, लसिका ग्रंथींत आजार नसणे आणि सफाई पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण होणे, या गोष्टी असलेल्यांचे निकाल अधिक चांगले होते. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे शस्त्रक्रियेसाठी योग्य म्हणून निवडलेले रुग्ण होते, सगळे रुग्ण नव्हेत. आणि त्याच अभ्यासात ३१ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली, सुमारे २ टक्के शस्त्रक्रियेच्या काळात दगावले. ऑपरेशन पुष्कळदा आठ-दहा तास चालते, नंतर काही दिवस अतिदक्षता विभागात जातात, आणि पूर्वीची ताकद यायला महिने लागतात. तेव्हा कशाचाच उपयोग नाही हे म्हणणे चुकीचे आहे. सर्वांनी ही शस्त्रक्रिया करून घ्यावीच असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल.

सर्जनना भेटाल तेव्हा संकोच न करता विचारा: आपण या विशिष्ट आजाराच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आईंच्या बाबतीत संपूर्ण सफाईची शक्यता किती वाटते, पोट उघडल्यावर ती शक्य नाही असे दिसले तर आपण काय कराल, आणि कायमचा किंवा तात्पुरता स्टोमा (मल बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेले छिद्र) लागू शकेल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्ष देऊन ऐका. मोठी चिरफाड न करता पोट बंद करून केमोकडे वळू, असे सांगणारे सर्जन मला अधिक विश्वासाचे वाटतात.

केमोथेरपीचा सल्ला देणारे डॉक्टर चुकीचे सांगत नाहीत, केवळ क्रम ठरायचा आहे. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर पेमेट्रेक्सेड आणि त्यासोबत सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन हा प्रमुख उपचार असतो; काही रुग्णांत आजार आटोक्यात आणण्यासाठी तो शस्त्रक्रियेआधीही देतात. पेमेट्रेक्सेड सुरू होण्याच्या साधारण आठवडाभर आधीपासून फॉलिक ॲसिडची रोजची गोळी आणि बी-१२ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर रक्तपेशींवर आणि तोंडाच्या आतल्या त्वचेवर दुष्परिणाम फार होतात. ही तयारी झाल्याशिवाय पहिला डोस घेऊ नका. पोटात पाणी भरपूर असेल तर ते आधी काढावे लागेल का हेही विचारा, कारण साठलेल्या पाण्यात हे औषध रेंगाळते. त्या दिवसांत दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. मूत्रपिंडावर ताण येतो. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्तीच्या औषधांची जोडी २०२० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमासाठी मंजूर झाली. पोटातल्या आजारात त्यांचा वापर त्या अनुभवाच्या आधारे होतो, म्हणून ती सहसा पहिल्या शस्त्रक्रियेच्या पर्यायासारखी पुढे करू नयेत.

हे सगळे ठरेपर्यंत आईंचे पोषण सुरू ठेवणे आपल्या हातात आहे. पोट भरल्याची भावना लवकर येत असल्याने दिवसातून तीन जेवणांऐवजी थोडे थोडे, प्रथिने अधिक असलेले खाणे पाच-सहा वेळा द्यावे, आणि आहारतज्ज्ञांची भेट आताच घ्यावी. पाण्याने श्वास कोंडत असेल तर ते काढून आराम देता येतो. वारंवार काढावे लागत असेल तर पोटात बारीक नळी ठेवण्याचा पर्याय आहे. वेदना आणि मळमळ यांवर उपचार करणारे पॅलिएटिव्ह तज्ज्ञ शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवायचे नसतात, त्यांना आतापासून सोबत घ्या. प्लीहा काढण्याची शक्यता असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लसी शक्यतो शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी द्याव्या लागतात, म्हणून तो विषय पहिल्याच भेटीत काढा.

आनुवंशिकतेबद्दल: बहुतेक रुग्णांत हा आजार पुढच्या पिढीत जात नाही. थोड्या कुटुंबांत बॅप-१ या जनुकातला दोष जन्मतःच असतो आणि अशा कुटुंबांत मेसोथेलिओमाखेरीज डोळ्यातला व त्वचेचा मेलेनोमा आणि मूत्रपिंडाचा कर्करोगही दिसतो. आपल्या आजोळी असे आजार झाले असतील तर जनुकीय समुपदेशकांची भेट घ्या. ब्लॉकवरच्या बॅप-१ चाचणीत लोप दिसला तर घाबरून जाऊ नका; तो पुष्कळदा फक्त गाठीपुरता असतो, जन्मजात दोष आहे की नाही हे वेगळ्या रक्ततपासणीने कळते.

आईंना काही सांगू नका असे घरातल्या मंडळींना मायेपोटीच वाटते. परंतु इतक्या मोठ्या ऑपरेशनची संमती त्यांची हवी, स्टोमा स्वीकारायचा की नाही हे त्यांनी ठरवायला हवे, आणि इतके दिवस पोट फुगत असलेल्या व्यक्तीला काही गंभीर आहे याची कल्पना बहुधा आलेलीच असते. त्यांना किती जाणून घ्यायचे आहे हे आधी विचारा आणि तेवढेच सांगा. आकडे त्यांनी मागितले तरच द्या. तज्ज्ञांच्या भेटीला त्यांना बरोबर न्या, मामांनाही न्या, आणि डॉक्टरांचे बोलणे एकाने लिहून घ्या, कारण त्या खोलीत ऐकलेले निम्मे बाहेर येईपर्यंत विसरायला होते. स्लाइडचा दुसरा अहवाल आला की मला कळवा. निदान बदलले तर वरचे बरेचसे बदलेल आणि आपल्याला नव्याने बोलावे लागेल.